रिलीज झालं की सोमवारी फोन सुरू: दर वेळी तोच गोंधळ का होतो आणि आम्हाला तो कुठे सापडला

ज्यांचं सॉफ्टवेअर एकाच वेळी बऱ्याच कंपन्या वापरतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं काम शेअर ब्रोकिंगच्या बॅकऑफिसचं आहे, म्हणजे ट्रेड प्रोसेस, बिलं, कॉन्ट्रॅक्ट नोट (झालेल्या सौद्याचा लेखी तपशील), लेजर, मार्जिन (सौद्यापोटी आगाऊ ठेवायची रक्कम) रिपोर्टिंग हे सगळं एका सिस्टिमवर चालतं आणि ती सिस्टिम फोर्टपासून बोरिवली-ठाण्यापर्यंतची बरीच ऑफिसं रोज वापरतात. माझ्याकडे रिलीज आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमधले बदल सगळ्यांकडे चालू करायचं काम. तारीख ठरवायची, नोटीस काढायची, क्लायंटकडून टेस्टिंग करून घ्यायचं आणि लाइव्ह गेल्यावर फोन घ्यायचे.

लक्षण असं. शनिवारी रिलीज टाकलं, रविवारी आमच्या टीमनं सगळं तपासलं, एकही एरर नाही, आणि सोमवारी संध्याकाळी भावकॉपी आली की फोन सुरू. (भावकॉपी म्हणजे बाजार बंद झाल्यावर एक्स्चेंज त्या दिवसाच्या सगळ्या भावांची जी फाइल देतं ती.) एक म्हणतो आम्हाला सांगितलंच नाही. दुसरा म्हणतो मेल आली होती पण त्यात माझ्या कामाचं काय होतं ते कळलं नाही. तिसरा म्हणतो तुम्ही तर पुढच्या शनिवारी करणार होतात ना. सॉफ्टवेअर बरोबर चाललेलं असतं आणि तरी पन्नास माणसांची संध्याकाळ वाया गेलेली असते, कुणी तरी रात्री अकराची लोकल पकडून घरी जातं, आणि हे दर रिलीजला.

बॅकऑफिसमध्ये थांबायला वेळ नसतो हेही इथेच सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की उद्या केलं तर काय बिघडलं. कॉन्ट्रॅक्ट नोट ट्रेडपासून २४ तासांत ब्रोकरच्या गुंतवणूकदाराकडे गेलीच पाहिजे. शिवाय २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस १ वर आले, म्हणजे सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी हिशोब पूर्ण, त्याआधी टी प्लस २ मध्ये एक जास्तीची रात्र मिळायची, त्यात चूक सापडायची, दुरुस्त व्हायची. आता सोमवारी संध्याकाळी चुकलं तर मंगळवारी पे-इन, म्हणजे पैसे आणि शेअर जमा करणं, समोर उभं.

आधी काय काय करून बघितलं

पहिला उपाय सगळेच करतात तो, मेल वाढवल्या. पंधरा दिवस आधी एक, आठवडा आधी एक, आदल्या दिवशी एक. विषयात 'अतिमहत्त्वाचे' टाकलं. रिलीज नोटची पीडीएफ मोठी केली, स्क्रीनशॉट घातले. फोन तेवढेच. मग व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, तर तिथे नोटीस पडली की खाली पन्नास 'नोटेड' आणि अंगठे, त्याखाली कुणाच्या तरी लेजरचा प्रश्न, त्याखाली सुप्रभात, आणि दुसऱ्या दिवशी नवीन आलेल्या माणसाला ती नोटीस सापडायची नाही. मी ते 'नोटेड' मोजायचे आणि साहेबांना सांगायचे की सगळ्यांना कळलंय. दोन वर्षं मी हेच करत होते.

नाइट कॅपिटल या शेअर सौदे करणाऱ्या कंपनीची गोष्ट आमच्या धंद्यातल्या आयटीवाल्यांनी ऐकलेली असते. अमेरिका, १ ऑगस्ट २०१२, नवीन कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातवर पडला, आठव्यावर राहिला, बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. सांगणारे बहुतेक त्या आठव्या सर्व्हरवर थांबतात. मला मात्र सेकच्या, म्हणजे तिकडच्या नियामकाच्या, आदेशातली दुसरी गोष्ट जास्त लागली. बाजार उघडायच्या आधी, सकाळी आठपासून, नाइटच्याच सिस्टिमनं आतल्या लोकांना ९७ ईमेल पाठवल्या होत्या आणि त्या मेलमध्ये कधीच बंद केलेल्या जुन्या फंक्शनचं नाव एररमध्ये दिसत होतं. सत्त्याण्णव मेल, आणि कुणी हात हलवला नाही, कारण त्या मेल अलर्ट म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, कुणी त्या त्या नजरेनं बघत नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मेल वाढवायचं डोक्यातून गेलं. पण मग करायचं काय, ते तेव्हाही कळलं नव्हतं. ते कळलं ८ जुलै २०२४ ला.

तो सोमवार

एनएसईनं त्या दिवसापासून जुन्या फॉरमॅटची भावकॉपी बंद केली आणि फक्त नवीन यूडिफ फॉरमॅटची द्यायला सुरुवात केली. एक्स्चेंज, डिपॉझिटरी, क्लिअरिंग सगळीकडे एकसारख्या फाइल असाव्यात म्हणून हा बदल होता आणि चांगला होता, सर्क्युलरही आधी आलेलं होतं. आमच्या बाजूनं आम्ही इम्पोर्ट बदललं, मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या सत्रात, चालवून बघितलं, वेळेत रिलीज केलं. नोटीसमध्ये लिहिलं होतं: "भावकॉपी इम्पोर्ट मॉड्यूल: नवीन फॉरमॅट सपोर्ट देण्यात आला आहे. युझरने काहीही बदल करण्याची आवश्यकता नाही." हे दुसरं वाक्य मी लिहिलं होतं आणि आमच्या सॉफ्टवेअरपुरतं ते खरं होतं.

त्या दिवशीचा पाऊस मुंबईकरांना आठवत असेल. रात्री १ ते सकाळी ७, सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर, सेंट्रलच्या गाड्या ठप्प. फोर्टमधल्या आमच्या एका क्लायंटकडे डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचं काम, बघणाऱ्या ताई बदलापूरहून येतात, त्या पोचूच शकल्या नाहीत. गिरगावात राहणारा नवा मुलगा चालत आला आणि संध्याकाळी त्यानं एकट्यानं काम केलं. आमच्या सिस्टिममध्ये फाइल चढली, बिलं निघाली, कॉन्ट्रॅक्ट नोट गेल्या, सगळं ठीक. आता त्या ऑफिसची स्वतःची एक एक्सेल शीट आहे, गुंतवणूकदारांच्या शेअर्सची किंमत काढून दुसऱ्या दिवशी कुणी किती सौदे करायचे ती लिमिट ठरवायची, आणि ती शीट आमच्या सिस्टिममधून भाव घेत नाही, सरळ भावकॉपीतून घेते. कुणी तरी बऱ्याच वर्षांपूर्वी मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, लिहून दिलेला, तो माणूस आता तिथे नाही. आम्हाला ती शीट आहे हेच माहीत नव्हतं.

मॅक्रो म्हणाला फाइल नाही. बरोबरच होतं, जुन्या फाइलचं नाव 'सीएम'नं सुरू व्हायचं, नवीनचं 'भावकॉपी'नं होतं. मुलानं डोकं चालवलं आणि नवीन फाइलला जुन्यासारखं नाव दिलं. मॅक्रो चालला. एरर नाही, काही नाही.

आता फाइलच्या आत बघा. जुन्या फाइलमध्ये १३ कॉलम, नवीनमध्ये ३४. जुन्यात सहावा कॉलम म्हणजे क्लोजिंग भाव. नवीन फाइलमध्ये सहाव्या कॉलमला शेअरचा टोकन नंबर, म्हणजे एक्स्चेंजनं त्या शेअरला दिलेला ओळख क्रमांक. मॅक्रोला कॉलमचं नाव वाचता येत नव्हतं, तो सहावा कॉलम उचलायचा आणि त्याला भाव समजायचा. इन्फोसिसचा टोकन १५९४, त्या वेळी भाव सोळाशेच्या वर, म्हणजे नजरेला खटकणारच नाही. रिलायन्सचा टोकन २८८५, भाव तीन हजारांच्या वर, तोही नाही. पकडलं ते स्टेट बँकेमुळे, टोकन ३०४५ आणि भाव साडेआठशेच्या आसपास, एका गुंतवणूकदाराच्या होल्डिंगची किंमत रातोरात साडेतीनपट झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला त्यांच्या डीलरचं लक्ष गेलं, प्री-ओपनच्या, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्राच्या, आधी लिमिट थांबवल्या, जुन्या लिमिटवर दिवस काढला. कुणाचा चुकीचा सौदा गेला नाही. पण अर्ध्या तासानं उशिरा लक्षात आलं असतं तर काय झालं असतं ते मी त्या रात्री अंथरुणात पडून मोजत होते.

बुधवारी मी तिथे गेले. ताईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, कुठलाही फॉर्म नेला नव्हता, फक्त बघत होते. त्यांच्या टेबलावर एक लांब वही आहे, पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेले. त्यात निळ्या शाईनं डे-एंडच्या पायऱ्या लिहिलेल्या, एक ते तेवीस, आणि रोजची तारीख टाकून प्रत्येक पायरीला टिक. सातवी पायरी अशी होती: "भावकॉपी, सीएमवाली, डी ड्राइव्हला टाकणे, शीट उघडून पिवळं बटण." मी विचारलं ताई, माझी मेल मिळाली नव्हती का. त्या म्हणाल्या, "अगं मिळाली की, वाचली पण. तू लिहिलंयस इम्पोर्ट मॉड्यूल. मी कुठे इम्पोर्ट मॉड्यूल वापरते? मी भावकॉपी चढवते."

मला वाटतं आमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या तीन वाक्यांत आहे. आम्ही नोटीस लिहायचो आमच्या मॉड्यूलप्रमाणे, तिकिटाच्या नंबराप्रमाणे, डेव्हलपरनं जे बदललं त्याप्रमाणे. समोरच्याचं काम मॉड्यूलनं चालतच नाही, ते पायरीनं आणि घड्याळानं चालतं. सहाला भावकॉपी, सव्वासहाला बिलं, साताला कॉन्ट्रॅक्ट नोट. आणि त्यातल्या निम्म्या पायऱ्या आमच्या सॉफ्टवेअरच्या बाहेर आहेत, शीटमध्ये, वहीत, कुणाच्या डोक्यात. "काहीही बदल करण्याची आवश्यकता नाही" हे मी कुणाच्या भरवशावर लिहिलं होतं?

मग एकेक तपासायला घेतलं

पहिली गोष्ट यादी. आमच्या मेल-यादीत प्रत्येक ब्रोकरचे दोन-तीन पत्ते होते, मी एकेकाला फोन करत बसले. एका ठिकाणचा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला, त्याची मेल कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये फॉरवर्ड होत होती आणि तो ती उघडत नव्हता. दोन ठिकाणी फक्त शेठचा पत्ता. शेठ मेल बघतात, पण भावकॉपी शेठ चढवत नाहीत. एका ठिकाणी आयटीवाल्याचा, आणि तो बाहेरच्या एजन्सीचा, आठवड्यातून एकदा येणारा. संध्याकाळी सहाला प्रत्यक्ष कीबोर्डवर ज्याचा हात आहे तो माणूस आमच्या यादीत बहुतेक ठिकाणी नव्हताच. तुमच्याकडे हाच त्रास असेल तर बाकी काही करायच्या आधी हे करा, यादी काढा आणि फोन लावा, आणि "नोटीस कुणाला पाठवू" असं विचारू नका, "संध्याकाळचं काम कोण करतं आणि तो रजेवर असला की कोण करतं" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला खरं नाव मिळतं.

आता प्रत्येक क्लायंटमागे तीन नावं असतात: काम करणारा, त्याच्या गैरहजेरीत करणारा, आणि निर्णय घेणारा. पहिल्या दोघांचे मोबाइल नंबर हवेतच. दर तिमाहीला आम्ही फोन करून खात्री करतो, कंटाळवाणं काम आहे, एक पूर्ण दिवस जातो आणि त्याला पर्याय सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट नोटीस. आता ती अशी निघते, हा खरा नमुना आहे, नावं काढून:

"नोटीस क्रमांक १४, पहिली आवृत्ती. कोणासाठी: संध्याकाळी भावकॉपी चढवणारे. कधीपासून: सोमवार, संध्याकाळच्या कामापासून. तुमच्या कामात काय बदलेल: फाइलचं नाव बदलेल, सिस्टिममधलं बटण तेच राहील. तुम्ही काय करायचं: हीच फाइल तुम्ही आमच्या सिस्टिमशिवाय आणखी कुठे वापरता का ते बघा, एखादी एक्सेल शीट, एखादा मॅक्रो, शाखेला पाठवायची मेल. वापरत असाल तर गुरुवारपर्यंत फोन करा. फाइलला स्वतःहून जुनं नाव देऊ नका. जुन्या पद्धतीवर परत जाता येईल का: नाही, एक्स्चेंज जुनी फाइल देणारच नाही. अडलं तर कुणाला फोन: ..."

एका पानाच्या वर नाही. तांत्रिक माहिती, डेटाबेस, व्हर्जन, हे वेगळ्या कागदावर, फक्त आयटीवाल्यांसाठी. शेठसाठी चार ओळी वेगळ्या: पैशांवर किंवा क्लायंटवर परिणाम आहे का, आणि कुणाला शनिवारी बोलवावं लागेल का. एकच मजकूर तिघांना पाठवला की तिघेही अर्धवट वाचतात. आणि ज्यांना खरंच काही करायचं नसेल त्यांनाही "तुम्ही काही करायचं नाही" ही ओळ कारणासकट पाठवतो, नाही तर ते दिवसभर फोन करून विचारतात आणि ते बरोबरच आहे त्यांचं.

भाषेबद्दल पण बोलते. आमच्या नोटीसा आधी इंग्रजीत जायच्या, सर्क्युलरच्या इंग्रजीत. काम करणारी माणसं दिवसभर एकमेकांशी मराठी, हिंदी, गुजराती बोलत काम करतात. आता कामाची नोटीस आम्ही बोलतो तशी लिहितो, 'अपलोड' च्या जागी 'चढवणे' लिहिलं तर काही कमीपणा येत नाही. ताईंची वही वाचल्यावर मी त्यातलेच शब्द उचललेत.

'नोटेड' बंद केलं

यात सगळ्यात जास्त फरक पडला म्हणून थोडं लांबण लावते. 'नोटेड'चा अर्थ 'मेसेज दिसला' एवढाच असतो, आणि कधी कधी तेवढाही नसतो, ग्रुपमध्ये आधीच्यानं लिहिलं म्हणून पुढचा लिहितो. गप्प बसणाऱ्याचंही आम्ही 'हो' धरायचो, "शुक्रवारपर्यंत काही कळवलं नाही तर मान्य आहे असं समजू" असं लिहायचो. शेअर्ड सिस्टिममध्ये हे धरणं फार महागात पडतं, कारण पन्नासातला एक जण तयार नसेल तर तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

आता आम्ही उत्तरात आकडा मागतो. टेस्टच्या सर्व्हरवर एक नमुना दिवस ठेवलेला असतो, क्लायंटनं आपल्या हातानं फाइल चढवायची, प्रोसेस करायची आणि शेवटी जी एकूण रक्कम येते ती आम्हाला कळवायची. प्रत्येक क्लायंटचा आकडा वेगळा येईल असा डेटा ठेवतो, म्हणजे शेजारच्याला विचारून सांगता येत नाही. आकडा बरोबर आला की त्या नावापुढे टिक. चुकीचा आला की उलट आनंद होतो, कारण ते शनिवारच्या आधी कळलं. एकदा एका ऑफिसचा आकडा बरोबर निम्मा आला, शोधलं तर त्यांच्याकडे दोन मशिनवर आमचं प्रोग्राम होतं, एक अपडेट झालेलं, दुसरं आतल्या खोलीतलं कुणाच्या लक्षातच नव्हतं. नाइटचा आठवा सर्व्हर तो हाच.

पहिल्यांदा लोक चिडले. "मॅडम, आम्हाला काय परीक्षा देताय का?" मी एवढंच सांगितलं की अर्धा तास आत्ता द्या, सोमवारची रात्र वाचेल. दोन रिलीजनंतर कुणी बोललं नाही. शुक्रवारी चार वाजता ज्यांच्यापुढे टिक नाही त्यांना मी स्वतः फोन करते.

तारखा

तारीख ठरवताना आम्ही फक्त एक्स्चेंजचं कॅलेंडर बघायचो, एक्सपायरी (फ्युचर-ऑप्शनचे करार संपण्याचा दिवस) टाळा, महिनाअखेर टाळा, ३१ मार्चच्या आसपास हात लावू नका, दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांच्या आठवड्यात तर नाहीच. माणसांचं कॅलेंडर बघायचं राहून जायचं. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आली, शनिवारी. शनिवारी बाजार बंदच असतो म्हणून ट्रेडिंगच्या सुट्ट्या बघताना ती आमच्या नजरेत आलीच नाही आणि रिलीज त्याच शनिवारी लागलं. निम्मे लोक गुरुवारी रात्रीच कोकणात निघालेले. ताईंनीच फोन करून सांगितलं, "अगं शनिवारी बाप्पा आहेत, कोण येणार?" तारीख बदलली.

आणि बदललेली तारीख हे दुसरं दुखणं. जुनी मेल जगात फिरतच राहते. कुणी तरी ती छापून भिंतीवर लावलेली असते. म्हणून आता प्रत्येक नोटीसला क्रमांक आणि आवृत्ती. तारीख बदलली की क्रमांक तोच, आवृत्ती पुढची, आणि पहिल्या ओळीत: "आधीची तारीख रद्द. भिंतीवर लावली असेल तर काढा." लॉगिन झाल्यावर दिसणाऱ्या पहिल्या स्क्रीनवर चालू आवृत्तीचा क्रमांक असतो, कुणालाही शंका आली तर तोच खरा. दुसरीकडे कुठे तारीख लिहायची नाही असा नियम केलाय, ग्रुपवर सुद्धा फक्त "१४ नंबरची दुसरी आवृत्ती निघाली" एवढंच.

सगळ्यांना एका दिवशी हलवायचं की टप्प्याटप्प्यानं, हा वाद नेहमी होतो. जुलै २०२४ मध्येच क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक फाइल जगभरात एकदम गेली आणि ८५ लाख विंडोज मशिन बंद पडली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यानंतर त्यांनीही अपडेट टप्प्यानं आणि ग्राहकाला निवड देऊन सोडायला सुरुवात केली. आमचे स्वतःचे बदल, रिपोर्ट, स्क्रीन वगैरे, आम्ही आता आधी चार-पाच क्लायंटना देतो, आठवडाभर थांबतो, मग बाकीच्यांना. पण एक्स्चेंजनं फॉरमॅट बदलला तर टप्पे शक्य नसतात, त्या दिवशी सगळेच एकत्र. तिथे टेस्टिंगचा आकडा हाच एकमेव आधार.

रोलबॅकचं, म्हणजे नवीन काढून जुन्यावर परत जाण्याचं, थोडक्यात. तो कोण ठरवणार आणि किती वाजेपर्यंत, हे रिलीजच्या आधी नोटीसमध्ये लिहिलेलं पाहिजे. नाइटमध्ये घाबरून सात सर्व्हरवरचा नवीन, बरोबर चाललेला कोड काढला आणि जुना चुकीचा कोड आठही सर्व्हरवर चालू झाला, नुकसान वाढलं. आमच्याकडे रविवारी दुपारी दोन ही शेवटची वेळ, त्यानंतर मागे जायचं नाही, पुढे दुरुस्त करायचं.

आणि तरी बिघडलंच तर

बिघडलं तर पहिला निरोप पंधरा मिनिटांत, कारण माहीत नसलं तरी. काय बंद आहे, काय चालू आहे, आणि पुढचा निरोप किती वाजता. "काय चालू आहे" हे लिहिणं लोक विसरतात आणि समोरचा घाबरून चालू असलेलं कामही थांबवतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं ट्रेडिंग ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलं आणि पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चाललं, तेव्हा मधले चार तास ज्यांनी डीलिंग रूममध्ये काढलेत त्यांना विचारा, वाट बघण्यापेक्षा किती वाट बघायची ते न कळणं जास्त वाईट असतं. ब्रोकरवर वेळेचं बंधनही असतं, सेबीचं, म्हणजे आपल्या नियामकाचं, तांत्रिक बिघाडांबद्दलचं जे फ्रेमवर्क नोव्हेंबर २०२२ ला आलं त्यात बिघाड एका तासाच्या आत एक्स्चेंजला कळवायला सांगितलं होतं. आम्ही गप्प बसलो तर तो काय कळवणार? म्हणून दर अर्ध्या तासानं निरोप, नवीन काही नसलं तरी.

हे सगळं एकत्र पहिल्यांदा नीट वापरलं ते गेल्या वर्षी. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारवरून मंगळवारवर गेली आणि बीएसईची मंगळवारवरून गुरुवारवर, म्हणजे अदलाबदल. गणपती आदल्याच आठवड्यात, २७ ऑगस्टला. आम्ही आकडे २३ ऑगस्टच्या शनिवारपर्यंत मागून घेतले, आणि नोटीसमध्ये सॉफ्टवेअरबद्दल दोनच ओळी होत्या, बाकी सगळं हे: तुमच्या वहीत, शीटमध्ये, भिंतीवरच्या कागदावर, क्लायंटला जाणाऱ्या मेसेजमध्ये 'गुरुवार' कुठे कुठे लिहिलाय ते शोधा आणि आम्हाला सांगा. उत्तरं आली तेव्हा कळलं किती ठिकाणी होता. एका ऑफिसात शिपायाच्या ड्युटीच्या तक्त्यात होता, एक्सपायरीला उशीर होतो म्हणून त्या दिवशी तो थांबायचा.

२ सप्टेंबरच्या मंगळवारी, पहिल्या एक्सपायरीला, संध्याकाळी चार फोन आले. तीन पासवर्डचे. चौथा बोरिवलीहून, त्यांच्या क्लायंटना "उद्या एक्सपायरी आहे, मार्जिन ठेवा" असा आपोआप जाणारा एसएमएस सोमवारी गेलाच नव्हता, कारण तो बुधवारी जायला लावलेला, आणि तो कुणाच्या अखत्यारीत येतो हे त्यांच्या ऑफिसात कुणालाच सांगता येईना. एसएमएसवाल्या एजन्सीकडून तो बदलून घ्यायला दोन दिवस गेले. तेव्हापासून नोटीसच्या नमुन्यात एक ओळ वाढली आहे: "तुमच्याकडून आपोआप काय काय जातं, कोणत्या दिवशी, आणि ते बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे?" या ओळीचं उत्तर अजून सगळ्या ऑफिसांकडून आलेलं नाही, त्यांना मी फोन करतेय.